ओळीआधीचा हुंकार

१

अक्काची लिहायची पद्धत ठरलेली होती, आणि त्या पद्धतीत कुणी ढवळाढवळ केलेली तिला मुळीच खपत नसे. सकाळी उठलं की आधी गाणं. ते ऐकायचं म्हणून नव्हे, घरातली शांतता जराशी मऊ व्हावी म्हणून. मग टेबल, मग उन्हं डोक्यावर येईपर्यंत लिहिणं. जेवण ओट्यापाशी, उभ्याउभ्याच. आणि त्यानंतर, सकाळपासून कागदावर जे काही उतरलं असेल ते मोठ्याने वाचून बघायचं. वाक्य कागदावर कितीही नटूनथटून बसलेलं असो, तोंडातून बाहेर पडताना अडखळलं की त्याची गच्छंती.

तिला अक्का म्हणायचा हक्क खरं तर एकट्या धाकट्या भावाचा. पण तो राहायचा लांबच्या शहरात, आणि नाव मात्र इमारतीच्या जिन्यापासून प्रकाशकाच्या कचेरीपर्यंत पसरलेलं. तिघा भावंडांत थोरली माई, संगीत शिकवणारी. दोघी बहिणी बिनलग्नाच्या, एकाच घरात म्हाताऱ्या झालेल्या. अक्का टेबलाशी बसून वाचायची आणि माई शेजारच्या खोलीत पलंगावर पडून ऐकायची. आवडलं तर गप्प. नाही आवडलं तर "परत वाच", एवढंच. वाहवा माईच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. अक्काच्या साऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्या "परत वाच"वर घासूनपुसून निघाल्या होत्या.

माई जाऊनही आता बराच काळ लोटला होता. तिचा पलंग अक्काने कुणाला तरी देऊन टाकला, खोलीत पुस्तकांची कपाटं आली. तरी वाचताना अक्काची खुर्ची आपोआप त्या दाराकडे तिरकी व्हायची.

लोक तिला हटकून विचारत, "यातलं खरं किती आणि पदरचं किती?" ती हसून म्हणायची, "कापड उलटं करून बघू नका, शिवण दिसेल." मात्र पदरचं घालायचं तरी त्याआधी खरं किती गोळा करावं लागतं, हे तिचं तिलाच ठाऊक. त्या काळी बटणं कशाची असत, रस्त्यावरचे दिवे कोण लावायचं, थंडीच्या दिवसांत गाणारी बाई घशाला काय गुंडाळायची. हे हाती आल्याशिवाय पात्राला तोंड उघडू द्यायचा तिला धीर होत नसे.

या खेपेची कादंबरी एका गायिकेवर होती. अक्काच्या आजीच्या पिढीतली बाई. ऐन भरात असताना, नाव गावोगाव झालेलं असताना, एके दिवशी तिने गाणं सोडलं. आजार नाही, प्रेमभंग नाही, कुणाशी वाकडं नाही. वर्तमानपत्रांनी तेव्हा मनाला येईल ते छापलं, पण खरं कारण कुणालाच सापडलं नाही. बाई नंतर खूप जगली. गायली मात्र नाही.

का, एवढ्या एकाच प्रश्नावर अक्काची कादंबरी अडून बसली होती.

२

गायिकेच्या तबकड्या ध्वनिसंग्रहालयात जपून ठेवलेल्या होत्या. संग्रहालय एका जुन्या इमारतीच्या तळघरात. भिंतींना जाड करडं कापड, जमिनीवर गालिचा, दार लावलं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू यावा अशी ऐकण्याची खोली. तिथले ध्वनितज्ज्ञ म्हणजे जाड चष्म्याचे, कायम सर्दी झाल्यासारखे बोलणारे गृहस्थ. माईच त्यांना कानसेन म्हणायची आणि अक्कानेही तेच नाव पुढे चालवलं. त्यांना ते आवडायचं.

"ताई, आज एक गंमत ऐकवतो," कानसेन म्हणाले. "खरखर काढून स्वच्छ केलीय ही बाजू. यापूर्वी ऐकलीच नसेल अशी."

अक्काने हेडफोन चढवला, दुसरा कानसेनांनी. ध्वनिमुद्रण कसं झालं होतं, हे तिने आधीच शोधून ठेवलं होतं. एका हॉटेलातली भाड्याची खोली. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, दाराला आतून कडी. खोलीत तीनच माणसं: कर्ण्यापुढे गायिका, तिच्या मागे व्हायोलिनवाला आणि यंत्रावरचा माणूस. कुणी शिंकलं तरी तबकडी फुकट जायची, त्यामुळे सगळे श्वास आवळून उभे.

गाणं सुरू झालं. साधीच चाल. बाई एकाच ओळीशी खेळत होती, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून वर बघावं तशी. आणि मग मागे, अगदी मागे, कुणीतरी म्हणालं, "हं."

ओठ मिटून काढलेला आवाज. छोटा, तृप्त.

"व्हायोलिनवाल्याने दाद दिली वाटतं," अक्का म्हणाली.

"कशाला दिली?"

"कशाला म्हणजे?"

"अहो, तोवर तिने काही केलेलंच नाहीये. परत ऐका."

कानसेनांनी सुई मागे घेतली. साधी ओळ. "हं." आणि त्यानंतर गायिकेने एकदम वर झेप घेतली, अशी की अक्काच्या हातावर काटा उभा राहिला. जागा अशी की कुणाच्याही तोंडून दाद निघून जावी. पण ती आधीच निघून गेली होती.

"याला कारण असतं म्हणा," कानसेन घसा साफ करत म्हणाले. "तबकडीवरच्या खाचा एकमेकींना अगदी खेटून. पुढच्या वेढ्यातला आवाज कधीकधी आधीच्या वेढ्यात झिरपतो. पुढे येणारं आधीच पुसटसं ऐकू येतं."

"मग झालं तर."

"झालं कसं? हा झिरपलेला 'हं' असेल, तर एक वेढा फिरला की खरा 'हं' यायला हवा. ठसठशीत."

दोघांनी कान देऊन ऐकलं. गायिका वर गेली, तिथे क्षणभर झुलली, अलगद खाली आली. व्हायोलिन तिच्या मागोमाग उतरलं. बाजू संपली. खरा "हं" काही आला नाही.

"असेल काहीतरी सुईचं," कानसेन म्हणाले. पण हेडफोन त्यांनी जरा घाईनेच काढून ठेवला, आणि नेहमीसारखी कॉफी घ्यायला ते थांबले नाहीत.

३

अक्का मात्र आनंदात घरी आली. ज्याला कागदपत्रांत गाडून घ्यायची सवय असते त्यालाच हा आनंद कळेल. इतिहास असा कधी चुकून एखादी फट ठेवतो, आणि लिहिणाऱ्याला तीच हवी असते. खोलीत तीन माणसं होती. आपण चौथा घालू. त्याला चेहरा द्यायचा नाही, नाव द्यायचं नाही. तो कायम शेजारच्या खोलीत बसेल. गायिका रियाझ करील, तो ऐकेल. तिला तो कधी दिसणार नाही. फक्त त्याचा हुंकार ऐकू येईल. आणि त्या हुंकारासाठी ती गाईल.

सुचलं ते पाण्यासारखं वाहू लागलं. इतके दिवस हटून बसलेली गायिका भडाभडा बोलू लागली. अक्का जेवायचंही विसरली. दुपार कलल्यावर तिने कागद उचलले, खुर्ची तिरकी झाली आणि ती वाचायला लागली.

पान चांगलं उतरलं होतं. गायिका आरशासमोर केस विंचरते आहे, शेजारच्या खोलीचं दार लोटलेलं आहे. इथवर ठीक, बेतास बात. अक्काने श्वास घ्यायला क्षणभर थांबा घेतला.

"हं."

तिने वर पाहिलं. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कपाटाची कड, जमिनीवर उन्हाचा चौकोन. ती उठली नाही. नळातून हवा निघते तसा आवाज, असं तिने स्वतःला बजावलं. नाहीतर वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली असेल. नाहीतर आपलाच घसा. एकटं राहणारी माणसं स्वतःशी बोलतात, मग स्वतःला हुंकारही देत असतील.

तिने पुढलं वाक्य वाचलं, आणि वाचतावाचता तिचा आवाज हळू झाला. वाक्य सकाळी लिहिलेलं, तिचंच. पण कानांनी ते आत्ता पहिल्यांदा ऐकलं. आजवरच्या सगळ्या पुस्तकांत असं वाक्य तिला साधलं नव्हतं.

मग मात्र ती उठून त्या खोलीत गेली. पुस्तकं होती, धूळ होती, खिडकी बंद होती. जुन्या कागदांचा वास. ती दारात उभी राहून थोडी हसली, ओशाळल्यासारखी, आणि परत आली. येताना दार पुरतं लावून घ्यावं असं मनात आलं, पण तिने ते तसंच ठेवलं.

४

पुढे पुढे त्याचं तिला काही वाटेनासं झालं, असं म्हटलं तर ते खरं नव्हे. वाटायचं. पण भीती वाटायची त्याहून जास्त बरं वाटायचं.

माई गेल्यापासून तिची वाक्यं भिंतीवर आपटून खाली पडत होती. आता ती कुठेतरी पोचत होती. हुंकार रोज येईच असं नाही. आला की मात्र अक्काला हुरूप यायचा. त्याच्या पाठोपाठचं वाक्य हटकून सोन्यासारखं असायचं. पहिल्यांदा तिला खात्रीने वाटलं, ही माईच. जिवंतपणी जे कधी दिलं नाही ते आता सढळ हाताने देते आहे. एका दुपारी तर ती मोठ्याने म्हणालीसुद्धा, "माई, परत वाचू का?"

उत्तर आलं नाही. आणि त्या गप्प राहण्यात माईची गप्पगप्प ऊब नव्हती. माई ऐकून घेतल्याशिवाय कधीच काही म्हणायची नाही. चूल पेटवायची असो की कुणाचं लग्न मोडायचं असो, आधी पुरतं ऐकायची. हे जे काही होतं ते ऐकायच्या आधीच बोलत होतं.

हळूहळू ते आणखी आधी बोलू लागलं. सुरुवातीला वाक्यापूर्वी क्षणभर. मग परिच्छेदापूर्वी. मग एके सकाळी ती नुसती कोरा कागद पुढे ओढत होती, मनात काही नव्हतं, तर शेजारून आवाज आला, "हं." अक्का पेन हातात धरून बसून राहिली. दाद तर मिळाली होती. आता तिला शोभेल असं काहीतरी लिहायला हवं होतं. तिने लिहिलं. उत्तम लिहिलं. पण लिहिताना तिला वाटलं, कुणीतरी आधीच चालून गेलेल्या ओल्या वाटेवर, त्याच्याच पावलांत पाऊल टाकत आपण निघालो आहोत.

वाक्यं सुचायची तेव्हा पूर्वी एक धाकधूक असायची. जमतंय की फसतंय, कुणास ठाऊक. ती धाकधूकच नाहीशी झाली होती.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला.

"काय अक्का, जिवंत आहेस ना? की मेलीस त्या बाईच्या मागे?"

"आहे रे. लिखाण जोरात चाललंय."

"आवाज कसला खोल गेलाय तुझा! जेवतेस का वेळेवर? हिचं म्हणणं आहे, अक्काला इकडेच घेऊन या. वरची खोली रिकामीच आहे. तुझी पुस्तकं मावतील म्हणे, नाही मावली तर मी जिन्यात झोपेन."

अक्का हसली. भाऊ पुढे काही सांगणार होता. त्याने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. आणि तेवढ्यात शेजारून, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, "हं."

पलीकडे भाऊ थांबला.

"कोण आहे गं तिथे?"

"कुठे?"

"आत्ता कोण हुंकारलं? बाईमाणूस होतं का पुरुष तेही कळलं नाही."

"रेडिओ," अक्का म्हणाली. नळ नव्हता, वरची खुर्ची नव्हती, आपला घसाही नव्हता. "तू काय सांगत होतास?"

"काही नाही गं. काल छातीत जरा दुखलं म्हणून डॉक्टरांना दाखवून आलो. किरकोळ आहे म्हणाले. तुला सांगणार नव्हतो, पण म्हटलं, लपवून काय करायचंय."

५

गायिकेची भाची अजून हयात होती. अक्काने तिला यापूर्वीही निरोप पाठवले होते. दर वेळी "आठवत नाही" एवढंच उत्तर यायचं. या खेपेला अक्काने फोनवर सरळ विचारलं, "तुमच्या मावशींना कुणी हुंकार द्यायचं का?" मग म्हातारी म्हणाली, "या. दुपारच्या या. उजेड असताना."

भाची एका उंच इमारतीत, एकाच खोलीत राहत होती. पलंग, शेगडी, मोरी, सगळं एका नजरेत मावणारं. मोरीलाही दाराऐवजी पडदा, आणि तो बाजूला सारलेला.

"मुलाचं मोठं घर आहे," अक्काची नजर ओळखून ती म्हणाली. "चांगला आहे हो तो. पण मला शेजारची खोलीच नको. जिथे बसले आहे तिथून सगळं दिसलं पाहिजे."

तिने चहा केला. एक थेंबही न सांडता कप पुढे ठेवला.

"मावशीने गाणं सोडलं एवढंच लोकांना ठाऊक," ती म्हणाली. "तिने बोलणंही सोडलं होतं. मी लहान असताना ती आमच्याकडे राहायला आली. हातवारे करायची. पाणी हवं, खिडकी लाव, इकडे ये. मला वाटायचं मुकीच आहे. चेष्टा करायचे मी, तिच्यासारखे हात करून. आई मारायची मला."

"त्या कधीच बोलल्या नाहीत?"

"एकदा. मी सारखी मागे लागले, गाऊन दाखव, गाऊन दाखव. तिने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, 'मी काय गाणार ते त्याला आधी कळतं. मग त्यात माझं काय राहिलं?' आवाज असा, बाई, की गंजलेली कडी सरकावी."

"तो कोण, विचारलंत?"

"विचारलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला."

म्हातारी बशीकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं.

"तिला वाटत असावं, आपण काही केलंच नाही तर त्याला दाद द्यायला काही उरणार नाही," ती पुढे म्हणाली. "तसं ते गप्प झालंही. कितीतरी वर्षं. मी तर विसरूनही गेले. पुढे मी मोठी झाले, मावशी थकली. एका दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. शेजारच्या खोलीत कुणी नव्हतं, आई बाहेर गेलेली. आणि तिथून आवाज आला. 'हं.' चांगला स्पष्ट. मावशीने माझ्याकडे बघितलं. घाबरली नाही. तिने हातातला ग्लास सावकाश खाली ठेवला. फुटू नये म्हणून. कडेपासून आत सरकवून ठेवला. आणि मग..."

तिने आपला चहाचा कप उचलला, न पिता परत ठेवला.

"डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. वयही झालं होतं."

निघताना तिने अक्काचा हात घट्ट धरला. "तुम्हाला येतो ना ऐकू? नाही, मला सांगू नका. फक्त एवढं करा, ते घर सोडा. माणसांत जाऊन राहा. मावशीला आम्ही घरात घेतलं, पण माणसांत नाही घेतलं. मुकी समजून कुणी तिच्याशी बोललंच नाही."

६

अक्काने लिहिणं थांबवलं.

टेबलावरचे कागद तिने उलटे घालून ठेवले. मोठ्याने वाचायचं नाही, गुणगुणायचं नाही, सकाळचं गाणंही नाही. भावाला तिने फोन करून सांगितलं, "ये मला न्यायला." तो इतका खूश झाला की का, कशासाठी, हे विचारायचंच विसरला. "रविवारी येतो गाडी घेऊन. ढीगभर सामान काढू नकोस, नंतर आणू," म्हणाला.

मधले दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. घर एकदम बहिरं झालं. चमचा ठेवला तरी दचकायला व्हायचं. खाली भाजीवाल्याशी ती मुद्दाम थांबून बोलायची. त्याला गिऱ्हाइकं असायची, तो किती बोलणार? जिना चढून वर आलं की पुन्हा तेच. हुंकार आला नाही. एकदाही नाही.

आणि खरं सांगायचं तर तिला त्याची आठवण यायची. हे तिला स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटायची. पण दुपार कलली, खुर्चीची सावली दाराकडे लांबली, की छातीत काहीतरी तुटायचं. भीती वाटेल असं का होईना, कुणीतरी आपल्या शब्दांची वाट बघत होतं. आता या एवढ्या मोठ्या जगात कुणीच बघत नव्हतं. एका दुपारी तिने कागद सुलटे केले, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि मग महत्प्रयासाने मिटलं.

७

रविवारी दुपारी ती तयार होऊन बसली. बॅग दाराशी. खिडक्या लावलेल्या, गॅस बंद. भावाचा फोन येऊन गेला होता: शहरात शिरलोय, आलोच.

अक्का बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसली होती. मनात खरोखर काही नव्हतं. भावजयीसाठी काही न्यायचं राहिलं का, एवढाच विचार येऊन गेला होता आणि तोही विरून गेला होता.

"हं."

तृप्त, स्वस्थ. घाई नसलेला.

अक्काने काही लिहिलं नव्हतं, काही म्हणायचं योजलं नव्हतं. मग ही दाद कशाला? पुढे काय येणार होतं? तिला भाचीची बशीकडे लागलेली नजर दिसली. आणि भाऊ दिसला, रहदारीतून गाडी हाकणारा, एक हात छातीवर.

माणूस जन्मभर जे करत आला तेच त्याच्या हातून अडचणीत होतं. अक्का उभी राहिली आणि बोलायला लागली. दाद आली आहे ना? मग ती वाक्याची असू दे. माझ्या मरणाची नको, भावाच्या मरणाची नको. तिने कादंबरीचा शेवट सांगायला सुरुवात केली, जो तिने कधी लिहिला नव्हता. गायिका खोलीत उभी आहे, तिच्या गळ्यात सूर दाटला आहे... बोलतबोलत ती शेजारच्या खोलीच्या दाराशी गेली. वाक्यं एकामागून एक येत होती, घासलेली, झळझळीत, कुणीतरी पुढून ओढून घेतल्यासारखी. तिने दार ढकललं.

शेवटचं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हात जेमतेम जाईल एवढी फट होती. ती भिंत तिच्या टेबलामागची. त्या फटीत कुणीतरी उभं होतं, तोंड पलीकडे करून, भिंतीला कान लावून. तिला दिसली ती फक्त मान. मागून. केसांच्या खाली पाठीकडे उतरणारी, बारीक, फिकट मान. ती डोलत होती. मैफलीत जाणकाराची डोलते तशी.

अक्का बोलत राहिली, कारण थांबायचा धीर नव्हता. आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. मान झुकायची, मग शब्द यायचा. झुकायची, मग यायचा. ती जे म्हणणार होती ते तिथे होऊन गेलेलं होतं.

"...आणि गायिकेने डोळे मिटले," अक्का म्हणाली, "आणि तिने... तिने... बादली."

मान थबकली.

"बादली," अक्का ओरडली. "बादली, टोपी, सव्वासात, भावजयीचा चष्मा, काय आहे ते, मेलं ते, मला नाही माहीत!"

खोलीत काहीच हललं नाही. मग ती मान, फारच सावकाश, फटीत मावत नसताना, वळू लागली. आधी कानाची पाळी. मग गालाची कड.

दारावरची घंटा वाजली.

भावाला दार उघडलं तेव्हा ती बोलतच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, एका हाताने बॅग आणि दुसऱ्याने तिला धरून जिना उतरला. तो धडधाकट होता, धापा मात्र टाकत होता. गाडीत बसवून त्याने तिचा पट्टा लावला. अक्का थांबेना. गाडी निघाली, चौक गेले, दुकानं गेली, ती बडबडतच होती. वाक्यं लंगडी, अर्धवट, एकाचं शेपूट दुसऱ्याला. गप्प झालं तर पुन्हा ऐकू येईल, एवढं एकच तिच्या डोक्यात. लहानपणी दोघं आजीकडे गेलेली, तिथली विहीर, विहिरीत पडलेली चप्पल, ती काढायला उतरलेला मांजराचा... नाही, मांजर नव्हे, शेजारचा माणूस, तो उतरला आणि वर येईना...

"हं," भाऊ म्हणाला.

अक्का दचकली. तो समोर बघत होता, एका ट्रकला मागे टाकायच्या खटपटीत. दाद उशिरा आली होती. वाक्य संपून गेल्यावर, भलत्याच जागी, अर्ध्या लक्षाने दिलेली. तिच्या घशातला आवाज विरला. पुष्कळ दिवसांनी ती निर्धास्तपणे गप्प बसली आणि तिला फक्त गाडीच्या चाकांचा आवाज आला.

ट्रक मागे पडला. भावाने आरशात पाहिलं, गाडी पुन्हा आपल्या ओळीत घेतली.

"मग?" तो म्हणाला. "पुढे काय झालं त्या माणसाचं?"

अक्काने मनात शोधलं. तिथे काहीच नव्हतं. नुसती काळोखी, गार, पाण्याचा वास येणारी जागा. तिने खिडकीची काच खाली केली.

"नाही माहीत," ती म्हणाली. ते खरं होतं. तिला माहीत नव्हतं, भावाला नव्हतं, आणि निदान त्या गाडीत तरी दुसऱ्या कुणालाही नव्हतं.